शेवटी येणारी विहीर

१

दोन आधी की दहा आधी? बालवाडीतलं पोर सांगेल, दोन. आमच्या कॉम्प्युटरला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल, दहा. त्यामागून शंभर, मग बारा, आणि बिचारे दोन कुठेतरी मागून. कारण हे आकडे आहेत असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो त्यांना शब्द समजतो, आणि शब्दकोशात लावतात तसं पहिलं अक्षर बघून रांग लावतो. एक दोनाच्या आधी येतो ना, मग एकाने सुरू होणारे सगळे पुढे.

माझी अर्धी नोकरी ही रांग सुधारण्यात गेली. झाशीत सिविल लाइंसमध्ये एका छोट्या कंपनीत मी डेटाबेस सांभाळते. आम्ही रेल्वेचे मराठी. बाबा भुसावळहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.

गेल्या वर्षी कंपनीला जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी साफ करायचं काम मिळालं. मोजणी करणाऱ्यांनी खोली मनाला येईल तशी लिहून ठेवलेली. कुणी नुसतं बारा, कुणी बारा मीटर, एका महाभागाने तर 'बारा के आसपास'. मी ते सगळं निवडलं, पाखडलं, त्याचे खरे आकडे केले आणि क्वेरी, म्हणजे यादी लावायचा हुकूम, लिहिली. उथळ विहीर आधी, खोल विहीर शेवटी. काम त्याच क्रमाने व्हायचं होतं.

ह्यात माझा स्वार्थही होता, सांगून टाकते. विहिरीत सगळ्यात आधी उतरणारा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ, सुबोध. तो ह्या कामावर सुपरवायझर. मजुराला आधी खाली पाठवायचं नाही, आपण जाऊन यायचं, हा त्याचा हट्ट. घरी त्याची बायको, आभा, दिवस भरत आलेली. तेव्हा माझी रांग चुकली तर कोण कुठे उतरेल, हे मला चांगलं ठाऊक होतं.

२

क्वेरी चालवली. तीन मीटर, चार, साडेचार, पाच... झकास. खाली खाली सरकत गेले. अठ्ठावीस, तेहेतीस, एकेचाळीस.

आणि एकेचाळीसच्या खाली, सगळ्यात शेवटी, सात.

'घ्या,' मी म्हटलं, 'राहिलाच एक शब्द.' विहीर गरौठ्याकडची होती. कुणीतरी देवनागरीत सात लिहिला असेल. तो अक्षर म्हणून सगळ्या इंग्रजी आकड्यांच्या मागे जाऊन बसतो. इथे हे नेहमीचंच. बघितलं तर तसं नव्हतं. मग पुढेमागे रिकामी जागा असेल. तीही नव्हती. सात हा अगदी साधा, स्वच्छ, आकडा म्हणून साठवलेला सात होता. मी विचारलं, हा दहापेक्षा लहान आहे का? उत्तर आलं, आहे. मग मुकाट्याने आठाच्या आधी जा ना बाबा! नाही. पुन्हा शेवटी.

मी चहा मागवला. डोकं शांत करून एक नवं टेबल केलं आणि त्यात दोनच विहिरी घातल्या, एक आठ मीटरची आणि एक ही. ही खाली. मग हिचा विहीर-क्रमांक काढून टाकला आणि नुसता सात ठेवला. शहाण्यासारखा वर गेला. क्रमांक परत दिला, परत खाली.

म्हणजे सातात खोट नव्हती. हा सात ह्या विहिरीचा आहे एवढं कळलं की ते मशीन त्याला शेवटी नेत होतं.

मला तेव्हा भीतीबिती वाटली नाही. राग आला. मी एक खोटी विहीर केली आणि तिला हजार मीटर खोली दिली. गरौठ्याची तिच्याही खाली. लाख मीटर दिली. तरी खाली. शेवटी त्या रकान्यात मावेल तेवढा मोठा आकडा भरला, नुसते नऊ, डावीकडून उजवीकडे नऊच नऊ. ह्याच्या पलीकडे त्या रकान्याला मोजताच येत नाही. बटण दाबलं.

नवांची ती सगळी ओळ वर होती, आणि तिच्याखाली सात.

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. लहानपणी बाबांनी पहिल्यांदा पुलावरून बेतवा नदी दाखवली होती, पावसानंतरची, तेव्हा मी त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. तसंच काहीतरी धरावंसं वाटलं.

३

आमचे साहेब खरे. आडनावावरून फसू नका, ते इथले कायस्थ, आपले नव्हेत. त्यांनी माझी यादी बघितली आणि हसले.

"शलाकाजी, ये सात मीटर वाला सबसे नीचे कैसे?"

"सर, उसमें कुछ गड़बड़ है. मैं देख रही हूँ."

"अरे, सात है तो सात है. इसमें क्या देखना?" त्यांनी ती ओळ उचलली आणि हाताने वर नेऊन ठेवली. "दो दिन में गरौठा साइड शुरू करवाइए."

मी काय सांगणार होते? की सर, कॉम्प्युटर म्हणतोय ही विहीर शेवटी घ्या? मलाच हसू आलं असतं. घरी येऊन जेवताना सुबोधला तेवढं म्हटलं, "गरौठ्याची ती सातवाली राहू दे रे. नंतर घे."

"का? भूत आहे?"

"तिची खोली नीट लागत नाहीये."

"ताई, मी स्वतः टेप सोडून खोली मोजतो. तुझ्या कॉम्प्युटरच्या भरवशावर उतरत नाही मी." आणि माझ्या ताटातली कैरीची फोड उचलून पळाला. आभा हसून म्हणाली, "ताई, ह्यांना सांगून उपयोग आहे का?" पण हसताना तिचा हात पोटावरच होता.

४

गरौठ्याची विहीर घ्यायची होती त्या दिवशी सकाळी ऑफिसात बसवेना. त्याला फोन लावला तर लागेना. पुन्हा लावला. शेवटी पोटात दुखतंय असं खरे साहेबांना खोटंच सांगितलं आणि गाडी केली. गरौठा काही जवळ नाही. वाटेत कापलेली शेतं, धूळ, उन्हात पांढरे पडलेले दगड, आणि मी ड्रायव्हरला सारखी "भैया, ज़रा जल्दी" करत होते.

विहीर गावाबाहेर, पिंपळाखाली. सुबोध पट्टे बांधून काठावर उभा होता, मजूर सावलीत बिड्या ओढत बसले होते. त्याला बघून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग आला.

"फोन का उचलत नाहीस?"

"रेंज नाही इथे. तू काय करतेस? ऑफिस सोडून?"

जवळच एका म्हातारीचं घर होतं. जानकी तिचं नाव. तिने न विचारता मला लोटाभर पाणी आणून दिलं. "काय बिन्नू, इतनी घाम में?" म्हणाली. ह्या उन्हात कशाला आलीस, असं.

मी काठावर वाकले. दगडी बांधकाम, चांगलं घडीव. आत अंधार होता. भरदुपारी सात मीटरवर असावा त्याहून जरा जास्तच अंधार. सुबोधने एक खडा टाकला. लगेच ठक् आवाज आला.

"ऐकलंस? कोरडी आहे. आता हे बघ." त्याने वजन लावलेली टेप सोडली. सरसर गेली आणि थांबली. सात. त्याने ती उचलली, काठाच्या दुसऱ्या बाजूने सोडली. सात. "झालं समाधान?"

व्हायला हवं होतं. पण मी त्या टेपकडे बघत होते. वजन तळाला टेकलं की टेप सैल पडते, थोडी वाकते. ही ताठ होती. खाली कुणीतरी टोक धरून ठेवावं, तशी.

"मौड़ा भलो है तुमाओ," जानकी मागून म्हणाली, "पर इनने दिया नईं डारो. पैलें दिया डारो जात है." पोरगा गुणाचा आहे, पण ह्याने आधी दिवा सोडला नाही, असं.

दिवा. हे मलाही माहीत होतं. विहिरीत उतरण्याआधी पेटता दिवा दोरीने खाली सोडायचा. विझला तर आत वाईट हवा आहे, माणसाने उतरायचं नाही. सगळीकडे हीच रीत. आता सुबोधकडे हवा तपासायचं यंत्र होतं, म्हणून ती रीत सुटली होती.

"दिवा सोड," मी म्हटलं.

"ताई, यंत्र सांगतंय हवा चांगली—"

"सुबोध, दिवा सोड! आभाची शपथ आहे तुला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कधी शपथा घालत नाही. त्याने हात पुढे केला, आणि जानकीने कंदील त्याच्या हातात दिला. पेटवलेलाच आणला होता तिने.

५

कंदील खाली गेला. दगड उजळत गेले, एकेक थर, काळा, करडा, शेवाळाचे वाळलेले डाग. सात मीटरवर तो थांबायला हवा होता.

थांबला नाही.

सुबोधच्या हातातून दोरी जातच राहिली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. दोरी संपत आली तेव्हा मजुरांनी दुसरी आणून गाठ मारली. ती संपली तशी तिसरी. ज्योत विझत नव्हती, हलतही नव्हती, नुसती लहान होत होती. बांधकाम संपलं, मग खडक, मग तर भिंत दिसेनाच. त्या उजेडाच्या बाजूला काही उरलंच नव्हतं ज्यावर तो पडेल. तरी दिवा खालीच चालला होता. माझे डोळे हलेनात. इतकी मोठी जागा आपल्या पायाखाली, आणि वर आपण चहा पितो, भांडतो, यादी करतो! मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं.

मग दोरी हलकी झाली. सुबोध पुटपुटला, "वजन गेलं." पण दिवा पडला नाही. होता त्याच चालीने, सावकाश, एकटाच उतरत राहिला.

आणि तेव्हा मला खालचे दिसले.

आधी वाटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. डोळे पुसले. दिवे होते. एकाखाली एक, एकाच सरळ रांगेत, वरचा जरा मोठा, त्याखालचा त्याहून बारीक, त्याखालचा आणखी, पार नजर संपेपर्यंत. किती, ते मी सांगू शकत नाही. कितीक लोकांनी कधीपासून सोडलेले असतील. आपला कंदील त्या रांगेपर्यंत गेला, पण सगळ्यात वर थांबला नाही. रांगेच्या कडेने उतरत गेला, त्याला आपली जागा माहीत असल्यासारखा. आणि एका ठिकाणी, बरंच खाली, रांग हलली. वरचे दिवे वर राहिले, खालचे सगळे थोडे थोडे खाली सरकले, मधे जागा झाली, आणि आपला तिच्यात जाऊन बसला.

मी आयुष्यभर रांगा लावल्या आहेत. इतकी अचूक रांग मी पाहिली नाही.

एका मजुराने "राम राम राम" सुरू केलं. सुबोधने दोरी ओढायला घेतली. ओढतच राहिला, घामाने निथळला. टोक वर आलं ते तुटलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. गाठ नीट सोडवलेली होती.

सुबोध काठावरून मागे सरकला आणि मातीत बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ना आता? नाही उतरायचं. चल घरी."

त्याने मान वर केली. चेहरा पांढराफटक.

"ताई," तो म्हणाला, "मी सकाळीच उतरून आलोय."

मला कळलंच नाही.

"तू यायच्या आधी. तू रागावशील म्हणून बोललो नाही. तळाशी उभा होतो मी. चांगला बराच वेळ. फरशी होती पायाखाली, गार. पाय आपटून बघितला." त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "खाली काहीच नव्हतं, ताई. मग मी कशावर उभा होतो?"

मी एक खडा उचलला आणि विहिरीत टाकला. आम्ही सगळे ऐकत राहिलो. जानकी तिचा लोटा घेऊन घरात निघूनही गेली, तरी आवाज आला नाही.

६

खरे साहेबांना सांगितलं, विहीर धोक्याची आहे, सोडून द्या. सुबोधनेही सही केली. मी खोलीच्या रकान्यातला सात काढून टाकला आणि जागा रिकामी ठेवली. साहेबांनी विचारलं, "खाली क्यों छोड़ा?" मी म्हटलं, "नाप नहीं मिला, सर." हे खोटं नव्हतं.

सुबोध घरी नेहमीसारखाच होता. जेवत होता, फोड चोरत होता, क्रिकेटवरून बाबांशी वाद घालत होता. माझी त्याच्यावरची नजर हटत नव्हती, आणि दिवसागणिक मी स्वतःला समजावत होते की तो वर आला, सुखरूप आला, संपलं. महिन्याभरात आभाला मुलगी झाली. गोरीपान, कपाळावर आठी, अगदी बाबांसारखी.

मग एके दिवशी कामाचंच निघालं. विहिरीत उतरणाऱ्यांची वजनं आमच्याकडे असतात, कुणाला कोणती दोरी द्यायची ते ठरवायला. साहेबांना हलक्यापासून जडापर्यंत यादी हवी होती. साधी क्वेरी. मी चालवली.

सुबोध तसा काडीपहिलवान. वरच्या चारात यायला हवा.

मी खाली बघितलं नाही. आधी उठले, पाणी प्यायले, तोंड धुतलं, खिडकीत उभी राहिले. मग येऊन बघितलं. तो शेवटी होता. मला माहीत होतं तरी मी नवांची ती सगळी ओळ पुन्हा भरली, एका खोट्या माणसाचं वजन म्हणून, आणि बटण दाबलं.

मग यादी हाताने सरळ केली. सुबोधची ओळ उचलून वर नेऊन ठेवली, खरे साहेबांनी विहिरीची ठेवली होती तशी.

७

इथे बाळंतीण उठली की कुआँपूजन करतात. ही रीत बुंदेलखंडाची, पण आमच्या आईने ती इथे आल्यावर शेजारणींकडून घेतली आणि आता ती आमचीच झाली आहे. नव्या आईने विहिरीला हळदकुंकू लावायचं, बत्तासे वाहायचे, प्रदक्षिणा घालायची. आमच्या कॉलनीत आता विहीर कुठली? बायका हातपंपाची पूजा करून वेळ भागवतात.

आभाही निघाली. डोक्यावर पदर, हातात तबक, मागे गाणाऱ्या शेजारणी, ढोलकी. मी बाळाची दुपटी सांभाळत मागून. हातपंपापाशी सुबोध उभा होता, मुलीला छातीशी धरून. ती रडायला लागली की त्याच्याच छातीवर शांत होते. कान लावून पडून राहते, डोळे टक्क उघडे.

आभा हातपंपाजवळ गेली, थांबली, आणि वळली. तिने हळदीकुंकवाचं बोट सुबोधच्या छातीला लावलं. सदऱ्यावरच, मधोमध. मग त्याच्याभोवती फिरू लागली.

बायकांत हशा पिकला. "अरी दुल्हन, पंप उधर है!" "पति ही कुआँ हो गया क्या!" सुबोधही लाजून हसत होता. "अगं, काय चाललंय तुझं?" आभा हसत नव्हती. प्रदक्षिणा पुरी करून ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली,

"ताई, तुम्ही त्या दिवशी तिथे होतात ना? मला काही सांगू नका. फक्त एकदा कान लावून बघा."

मी सुबोधच्या जवळ गेले. तो माझा धाकटा भाऊ. ताप आला की मी लहानपणी असाच कान लावून बघत असे. बाळ एका बाजूला होतं, मी दुसऱ्या बाजूला डोकं टेकलं.

आधी काहीच नाही. माझा हात त्याच्या दंडावर घट्ट आवळला. मग, खूप खालून, इतक्या खालून की ढोलकी, गाणी, मुलीचा श्वास सगळं पार करून यावं लागलं, त्याचा ठोका आला. संथ. भक्कम. मी पुढच्याची वाट बघत राहिले. कितीतरी वेळाने तोही आला.

मी डोकं वर केलं. सुबोध माझ्याकडे बघत होता.

"ताई, काय झालं? ठीक आहे ना मी?"

त्याच्या चेहऱ्यावर तोच लहानपणचा प्रश्न होता, डॉक्टरांनी काय सांगितलं म्हणून विचारायचा तो. माझा भाऊ मला परत मिळाला होता. ज्या कुणी त्याला खाली धरून उभं केलं होतं, त्यानेच परत दिला होता. त्याहून जास्त मोजायला मी जाणार नव्हते.

"ठीक आहेस," मी म्हटलं. "हलू नकोस जरा."

आणि आभाच्या तबकातली चिमूटभर हळद घेऊन मीही त्याच्या छातीला लावली.